एजंट म्हणतो ‘म्यूट केलं’, माईक मात्र चालूच: चॅनेल-नियंत्रण टूलचं वर्णन दुरुस्त करण्याची पद्धत

डिजिटल मिक्सरला एआय एजंट जोडला, की पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांत ठरावीक तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. कीर्तन संपल्यावर टाळकऱ्यांचे माईक बंद करायला सांगितलं, तर बंद असलेला राखीव माईक चालू होतो. पखवाज कमी करायला सांगितला, तर शेजारची पेटी जाते. ‘बुवांचा आवाज थोडा वाढव’ म्हटलं, की मंडपभर शिट्टी. कधी एजंट एकाच फेडरला (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या पट्टीला) तोच आकडा पुन्हा पुन्हा पाठवत बसतो आणि पुढच्या कामाला हातच घालत नाही. कधी ‘सगळं ठीक आहे’ असं सांगतो आणि स्पीकरमधून काहीच येत नाही.

यावर मॉडेल बदलून बघणं हा नेहमीचा उपाय. त्यानं फार तर चुकीची तऱ्हा बदलते. वरच्या पाचही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा टूलच्या, म्हणजे एजंट ज्यातून मिक्सरला हुकूम देतो त्या छोट्या प्रोग्रामच्या, वर्णनात असतं. मिक्सर एजंटला दिसत नाही. दिवा लाल आहे की हिरवा, फेडर कुठं आहे, पट्टीवर काय नाव आहे, हे त्याला फक्त टूलचं नाव, वर्णन, पॅरामीटर आणि उत्तर यांतून कळतं. तिथं जे लिहिलेलं नाही ते तो अंदाजानं भरतो.

उदाहरणं बेहरिंगर एक्स३२ या मिक्सरची (डेस्कची) घेतली आहेत, कारण जळगाव-धुळ्याकडच्या साउंडवाल्यांना ते डेस्क ओळखीचं आहे आणि त्याला ओएससी (ओपन साउंड कंट्रोल) पद्धतीनं नेटवर्कवरून हुकूम देता येतात. मायडास एम३२ला हेच पत्ते (डेस्कच्या प्रत्येक बटण-फेडरची ओएससीतली नावं) चालतात. पत्ते आणि टूलची नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत, प्रत्यक्ष टूलमध्ये ती रोमन लहान अक्षरांत द्यायची.

आधी नेटवर्क, पाच मिनिटांत

वर्णनाला हात लावण्याआधी एवढं बघून घ्या. एक्स३२ यूडीपी (पोच न मिळता निरोप पाठवण्याची नेटवर्क पद्धत) पोर्ट १००२३वर ऐकतो, एक्सआर१८ आणि त्याच्या कुळातले १००२४वर. पोर्ट चुकला तर त्रुटी येत नाही, नुसती शांतता असते. डेस्कला पक्का आयपी पत्ता द्या. जनरेटरवर बदली होताना राउटर बंद-चालू होतो, पत्ता बदलतो आणि एजंट जुन्या पत्त्यावर हुकूम सोडत राहतो. लॅपटॉप ते डेस्क वायरनं जोडा. वाय-फाय सप्ताहाच्या दुपारी, मंडप रिकामा असताना छान चालतं. रात्री कीर्तनाला गाव जमलं, हजार मोबाइल आले, की तेच वाय-फाय अडखळतं. आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली राउटर ठेवू नका. आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, डबीतलं तापमान त्याहून वर असतं.

डेस्ककडे ‘इन्फो’ची विचारणा पाठवा. उत्तर आलं तर नेटवर्क ठीक आहे, पुढं चला.

उलटं म्यूट

एक्स३२मध्ये चॅनेल बंद-चालू करण्याचा पत्ता ‘सीएच/०१/मिक्स/ऑन’ असा आहे. तिथं १ म्हणजे चॅनेल चालू, ० म्हणजे म्यूट. टूल लिहिणारा त्याला ‘चॅनेल_म्यूट’ असं नाव देतो, ‘स्थिती’ नावाचा पॅरामीटर ठेवतो आणि आलेला आकडा तसाच डेस्ककडे सोडतो. एजंटच्या हिशेबानं म्यूट करायचं म्हणजे १. तो १ पाठवतो आणि माईक उघडतो.

गोंधळात भर म्हणजे त्याच डेस्कवर म्यूट ग्रुपचा (एका बटणानं अनेक चॅनेल म्यूट करण्याच्या सोयीचा) पत्ता ‘कॉन्फिग/म्यूट/१’ असा आहे आणि तिथं १ म्हणजे म्यूट लागू. एकाच डेस्कवर दोन उलट अर्थ. एजंटनं एका ठिकाणी बरोबर काम केलं, की तोच नियम दुसऱ्या ठिकाणी लावतो आणि तिथं चुकतो. म्हणूनच ही तक्रार ‘कधी होतं, कधी होत नाही’ अशा रूपात येते आणि लवकर सापडत नाही.

नेहमी आढळणारं वर्णन असं असतं:

चॅनेल_म्यूट: चॅनेलची म्यूट स्थिती बदलते. पॅरामीटर: चॅनेल (पूर्णांक), स्थिती (० किंवा १).

ते असं हवं:

चॅनेल_आवाज_स्थिती: एका इनपुट चॅनेलचा आवाज मुख्य स्पीकरकडे जाऊ द्यायचा की थांबवायचा, ते ठरवतं. पॅरामीटर ‘स्थिती’ला दोनच किमती: ‘चालू’ (आवाज जातो, डेस्कवरचा म्यूट दिवा विझलेला) किंवा ‘म्यूट’ (आवाज थांबतो, म्यूट दिवा लाल). फेडर, गेन आणि फँटम पॉवर यांना हे टूल हात लावत नाही. म्यूट ग्रुपसाठी हे वापरू नका, त्यासाठी ‘म्यूट_ग्रुप_स्थिती’ आहे.

० आणि १ एजंटसमोर येऊच द्यायचे नाहीत. ‘चालू’ला १ करायचं आणि ‘म्यूट’ला ० करायचं काम टूलच्या आतल्या कोडचं. जेसॉन स्कीमामध्ये (टूलच्या पॅरामीटरांच्या साच्यात) या दोनच किमती यादीनं बांधून टाका, म्हणजे ‘खरं/खोटं’ किंवा ‘ऑफ’ असं काही आलं तर विनंती टूलच्या दारातच अडेल.

दिव्याचा उल्लेख वर्णनात मुद्दाम ठेवा. ऑपरेटर एजंटशी दिव्याच्या भाषेत बोलतो: ‘पाच नंबर लाल आहे, काढ तो.’ लाल म्हणजे म्यूट हे कुठंच लिहिलेलं नसेल, तर एजंट ‘काढ’ या शब्दावरून चॅनेल बंद करायला जातो.

शेजारचा चॅनेल

डेस्कवर चॅनेल १ ते ३२. प्रोग्रामरच्या यादीत ० ते ३१. वर्णनात नुसतं ‘चॅनेल क्रमांक’ असं लिहिलं, की एजंट कधी एक पद्धत धरतो, कधी दुसरी. वर्णनात लिहा: ‘डेस्कच्या पट्टीवर छापलेला क्रमांक, १ ते ३२. १ म्हणजे पहिला चॅनेल.’ किमान-कमाल मर्यादा स्कीमातही द्या. ० आला तर तो १ समजून पुढं जाऊ नका, विनंती परत फिरवा.

पत्त्यातले आकडे टूलनं स्वतः भरावेत. चॅनेलला दोन अंकी रूप लागतं (०१), डीसीएला (अनेक चॅनेलची पातळी एकत्र हलवणारा फेडर) एक अंकी (१ ते ८), हेडॲम्पला (माईकचा सिग्नल उचलणारा इनपुट ॲम्प्लिफायर, त्याची वाढ म्हणजे गेन) तीन अंकी. एजंटकडून कच्चा ओएससी पत्ता घेणारं ‘काहीही_पाठवा’ प्रकारचं टूल देऊ नका. एक शून्य राहिलं, की डेस्क तो हुकूम निमूट टाकून देतं.

हेडॲम्पचं मोजणं खरोखरच शून्यापासून आहे: ००० ते ०३१ डेस्कच्या मागचे इनपुट, ०३२ ते ०७९ एईएस५० (स्टेजबॉक्स जोडण्याची डिजिटल जोडणी) ए पोर्टवरचे, ०८० ते १२७ बी पोर्टवरचे. स्टेजजवळ स्टेजबॉक्स (माईकच्या इनपुटचा डबा) ठेवून ए पोर्टनं जोडला आणि चॅनेल १ त्यावरून घेतला, तर त्याचं गेन ०३२वर असतं, ००० वर नाही. चॅनेल १ला हेडॲम्प ००० धरणारं टूल अशा वेळी रिकाम्या सॉकेटचं गेन फिरवतं आणि ‘झालं’ म्हणतं. उपाय दोन. टूलनं आधी राउटिंग वाचून हेडॲम्प शोधावा, किंवा गेनचं टूल एजंटला देऊच नये. आमचा कल दुसऱ्याकडे आहे. गेन साउंडचेकला माणसानं लावावं. कार्यक्रम चालू असताना ते हललं, तर त्या चॅनेलची मॉनिटर आणि रेकॉर्डिंगची पातळीही बदलते आणि गायक गोंधळतो.

फेडरचा आकडा म्हणजे टक्के नव्हेत

एक्स३२चा फेडर ओएससीवर ०.० ते १.० असा जातो. एजंट त्याला टक्के समजतो. कुणी म्हणालं, ‘पेटी निम्म्यावर आण’, की फेडर ०.७५वर असेल तर तो ०.३७५ पाठवतो. खरा हिशेब असा आहे:

१.० म्हणजे +१० डीबी (डेसिबल)
०.७५ म्हणजे ० डीबी
०.६२५ म्हणजे −५ डीबी
०.५ म्हणजे −१० डीबी
०.३७५ म्हणजे −२० डीबी
०.२५ म्हणजे −३० डीबी
०.०६२५ म्हणजे −६० डीबी
०.० म्हणजे पूर्ण खाली

म्हणजे ०.७५ वरून ०.३७५ला आणलेली पेटी २० डीबीनं खाली जाते. टाळ-पखवाजाच्या गजरात ती ऐकूच येणार नाही. माणसाच्या कानाला ‘निम्मा’ वाटण्यासाठी साधारण १० डीबी कमी करावे लागतात. प्रत्यक्षात ऑपरेटर ‘निम्म्यावर’ म्हणतो तेव्हा त्याला बहुधा ५-६ डीबीच हवे असतात.

एजंटला फक्त डीबी दाखवा, ०-१चं रूपांतर टूलमध्ये करा. सूत्र चार तुकड्यांत आहे. फ म्हणजे फेडरची किंमत धरली, तर ०.५ आणि त्यावर: ४०×फ − ३०. ०.२५ ते ०.५: ८०×फ − ५०. ०.०६२५ ते ०.२५: १६०×फ − ७०. त्याखाली: ४८०×फ − ९०. उलट दिशेनंही हेच लावायचं. −६ डीबी हवे असतील तर फ = (−६ + ३०) ÷ ४० = ०.६. टूल तयार झालं, की वरचा तक्ता त्यातून दोन्ही दिशांनी काढून ताडून बघा. −१०, −३० आणि −६० या सांध्यांवर चूक असेल तर लगेच दिसते.

याच ठिकाणी तीन बारीक खड्डे आहेत.

पहिला: फेडरला १०२४ पायऱ्या आहेत. तुम्ही ०.६ पाठवता, डेस्क जवळची पायरी घेतं आणि वाचताना ०.६००२ सारखा आकडा परत देतं. एजंट मागितलेलं आणि मिळालेलं जुळवतो, जुळत नाही, पुन्हा पाठवतो, पुन्हा जुळत नाही. सुरुवातीला सांगितलेलं ‘तोच आकडा पाठवत बसणं’ हेच. वर्णनात लिहा: ‘−३० डीबीच्या वर ०.१ डीबीपर्यंतचा आणि त्याखाली ०.५ डीबीपर्यंतचा फरक हा फेडरच्या पायऱ्यांमुळे असतो, पुन्हा पाठवू नका.’ खालच्या भागाला जास्त सूट द्यावी लागते, कारण −६० डीबीच्या खाली एकच पायरी जवळजवळ अर्ध्या डीबीची होते. त्याहून बरं म्हणजे जुळणी टूलनंच करावी आणि उत्तरात ‘लागू झालं: होय’ एवढं द्यावं.

दुसरा: पूर्ण खाली असलेल्या फेडरची डीबी किंमत उणे अनंत. जेसॉनमध्ये अनंत लिहायची सोय नाही. काही लायब्ऱ्या तिथं मोडकं जेसॉन देतात, काही रिकामी किंमत देतात, आणि एजंट त्याचा अर्थ ‘फेडर वाचता आला नाही’ असा काढतो. −९० परत द्या आणि सोबत ‘पूर्ण_खाली: होय’ असा वेगळा रकाना ठेवा.

तिसरा: एजंटनं १.० ऐवजी १ दिलं, तर पायथनसारख्या भाषेत तो पूर्णांक होतो आणि ओएससी निरोपात प्रकारही पूर्णांकाचाच जातो. फेडरची किंमत पाठवण्याआधी नेहमी दशांश प्रकारात बदला.

‘वाढव’ हा हुकूम दोनदा गेला तर

सगळ्यात घातक दोष हा आहे, म्हणून याला जास्त वेळ द्या.

‘फेडर_वाढवा’ असं टूल आहे, वर्णन आहे ‘फेडर दिलेल्या डीबीनं वर नेतं’. एजंट +३ पाठवतो. यूडीपीत पोच मिळत नाही, आणि एक्स३२ किंमत बदलल्यावर स्वतःहून पाठवणाऱ्याला उत्तर देत नाही. टूल उत्तराची वाट बघतं, वेळ संपते, ‘टाइमआउट’ असं उत्तर जातं. एजंट ते अपयश समजतो आणि पुन्हा +३ पाठवतो. मग आणखी एकदा. तिन्ही हुकूम डेस्कला पोचलेले असतात. बुवांचा माईक ९ डीबीनं वर गेला, म्हणजे स्पीकरला जाणारी शक्ती जवळपास आठपट. ध्वनीव्यवस्था लावताना फीडबॅकच्या (शिट्टीच्या) आधी साधारण ६ डीबीची मोकळीक ठेवण्याचा प्रघात आहे. ती केव्हाच संपली.

‘थोडा वाढव’ला शिट्टी का येते, त्याचं उत्तर हे. इक्वलायझर फिरवून ते सुटत नाही.

मुख्य टूल ‘इतक्यानं हलवा’ या रूपाचं न ठेवता ‘इतक्यावर ठेवा’ या रूपाचं करा. ‘फेडर_ठेवा: चॅनेल ३, −४ डीबी’ हा हुकूम दहा वेळा गेला तरी फेडर −४वरच राहतो. ऑपरेटर ‘थोडा वाढव’ म्हणाला, तर एजंटनं आधी ‘चॅनेल_वाचा’नं सध्याची पातळी बघावी, तीत ३ मिळवावे आणि नेमकी किंमत पाठवावी. हा क्रम वर्णनात शब्दशः लिहा. एजंट स्वतःहून आधी वाचेल असं गृहीत धरू नका.

सरकवणारं टूल हवंच असेल तर त्याला ‘आधीचा_डीबी’ हा सक्तीचा पॅरामीटर द्या. एजंट सांगतो: ‘फेडर −६वर आहे असं मी वाचलं, त्याला +२ कर.’ टूल पाठवण्याआधी पुन्हा वाचतं. अर्ध्या डीबीहून जास्त फरक निघाला, तर हात न लावता ‘फेडर आता −४ डीबीवर आहे, हुकूम लागू केला नाही’ असं सांगतं. याचा आणखी एक फायदा: त्याच वेळी ऑपरेटरनं बोटानं फेडर हलवला असेल, तर एजंट त्याच्या हातावर हात मारत नाही. डेस्कसमोरच्या माणसाचा शब्द शेवटचा, हे वर्णनात स्पष्ट लिहिलेलं असावं.

मर्यादा अशा ठेवा: एका हुकुमात वर जास्तीत जास्त ३ डीबी, खाली कितीही. वरचं टोक ० डीबी, बुवांच्या आणि निवेदकाच्या माईकसाठी हवं तर +३. एकाच चॅनेलवर वर नेणाऱ्या दोन हुकमांत किमान ३ सेकंद, म्हणजे फीडबॅक येऊ लागलाच तर माणसाला थांबवायला वेळ मिळतो. या मर्यादा कोडमध्येही हव्यात आणि वर्णनातही. नुसत्या कोडमध्ये असल्या, तर एजंट +८ मागतो, नकार मिळतो, मग +७, +६ अशी घासाघीस करत बसतो.

म्यूट काढण्यालाही हाच धोका आहे. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली, की फीडबॅकपूर्वीची मोकळीक ३ डीबीनं घटते. टाळकऱ्यांचे चार माईक चालू असताना ‘सगळे चालू कर’ म्हणून आठ उघडले, की कुणी फेडर हलवला नसतानाही व्यवस्था काठावर येते. ‘सगळे’ हा शब्द आला, की एजंटनं यादी वाचून दाखवून होकार घ्यावा.

उत्तरात काय परत द्यायचं

‘ठीक’ किंवा ‘यशस्वी’ एवढंच उत्तर देणारं टूल एजंटला काहीच सांगत नाही, कारण निरोप सॉकेटमधून बाहेर पडला एवढाच त्याचा अर्थ असतो. किंमत पाठवल्यावर तोच पत्ता किंमत न जोडता पुन्हा पाठवा, मग डेस्क त्या जागची सध्याची किंमत परत देतं. २०० मिलिसेकंद थांबा, उत्तर नसेल तर आणखी दोनदा विचारा. वाचणं कितीही वेळा केलं तरी काही बिघडत नाही. उत्तर असं असावं:

चॅनेल: ३. नाव: बुवा. आधी: −६.० डीबी. मागितलं: −४.० डीबी. आता: −४.० डीबी. लागू झालं: होय. म्यूट: नाही. डीसीए: १, −१२.० डीबी.

शेवटचा रकाना बऱ्याच टूलमध्ये नसतो. डीसीए खाली ओढला तर चॅनेलचा फेडर जागचा हलत नाही. चॅनेल चालू, फेडर ० डीबीवर, आणि डीसीए तळाला: आवाज शून्य. फक्त चॅनेल वाचणारा एजंट इथं ‘सगळं ठीक आहे’ म्हणतो, आणि त्याला दिलेल्या माहितीपुरतं ते खरं असतं. ‘आवाज का येत नाही’ या प्रश्नासाठी एक स्वतंत्र वाचणारं टूल करा. त्यानं एकाच उत्तरात चॅनेलची स्थिती, फेडर, जोडलेले डीसीए, म्यूट ग्रुप, मुख्य फेडर आणि इनपुटला सिग्नल येतोय का, एवढं द्यावं. तक्रार मॉनिटरची असेल तर गोष्ट वेगळी: फेडरच्या आधून घेतलेला मॉनिटर सेंड (गायकासमोरच्या स्पीकरकडे जाणारा आवाज) फेडर हलवून बदलत नाही, आणि हे वाक्य ‘फेडर_ठेवा’च्या वर्णनात हवंच. नाहीतर बुवा ‘मला माझा आवाज येत नाही’ म्हणतात आणि एजंट बाहेरच्या स्पीकरचा आवाज वाढवत राहतो.

त्रुटीचा मजकूर पुढची पायरी सांगणारा असावा. ‘चुकीचा पॅरामीटर’ यावरून एजंट चाचपडत बसतो. ‘चॅनेल ४० नाही. १ ते ३२ मधला द्या. नावं बघायला चॅनेल_यादी वापरा.’ असं आलं, की दुसऱ्याच फेरीत काम होतं. एमसीपी (एजंटला टूल जोडण्याची प्रमाण पद्धत) वापरत असाल तर अशी त्रुटी टूलच्या उत्तरातच ‘त्रुटी आहे’ या खुणेसह द्या, म्हणजे ती मॉडेलपर्यंत पोचते आणि त्याला स्वतःची चूक सुधारता येते.

आपली बोली, डेस्कची नावं

डेस्कवर चॅनेलच्या नावाला १२ अक्षरांची जागा आहे आणि ती रोमनमध्ये लिहावी लागतात. पखवाज, पखावज, पख्वाज असे तिघं ऑपरेटर तीन प्रकारे लिहितात. पेटी कुठं ‘हार्मोनिअम’चे पहिले चार वर्ण असते, कुठं ‘पेटी’. नाव जुळवून चॅनेल शोधणारा एजंट इथं हमखास अडतो, किंवा जवळचं वाटेल ते धरतो.

टूलसोबत पर्यायी नावांची यादी ठेवा आणि ती ‘चॅनेल_यादी’च्या उत्तरात द्या: चॅनेल ३, बुवा, महाराज, कीर्तनकार, मधला माईक. चॅनेल ५ आणि ६, पखवाज डावी आणि उजवी पुडी, दोन्ही मिळून ‘पखवाज’. चॅनेल ७, पेटी, हार्मोनिअम, बाजा. वर्णनात लिहा: ‘एकाहून जास्त चॅनेल जुळले तर काहीही बदलू नका, विचारा.’

हुकूम अहिराणीतही येणार. ‘पेटीना आवाज जरासा कमी कर’, ‘बुवास्ना माईक चालू कर’ ही वाक्यं आजची मॉडेलं बहुधा समजतात. अडचण येते ती ‘बंद’ या शब्दाशी. ‘माईक बंद कर’ म्हणजे म्यूट. ‘माईक बंद आहे’, ‘माईक मरेल शे’ ही तक्रार आहे, हुकूम नाही, तिथं वाचणारं टूल लागतं. ‘आवाज बंद होऊन राहिला’ म्हणजे मध्येच तुटतोय, बहुधा केबल किंवा कॉर्डलेसचा सेल. ही तीन वाक्यं अर्थासकट म्यूट टूलच्या वर्णनात उदाहरण म्हणून घाला. चार ओळी वाढतात, पण बंद पडलेल्या माईकला एजंट आणखी म्यूट करतो तो प्रकार थांबतो.

‘कमी’ आणि ‘जास्त’साठीही आकडे ठरवून द्या: जरासा म्हणजे २ डीबी, थोडा म्हणजे ३, बराच म्हणजे ६ (वर नेताना दोन टप्प्यांत). आकडे तुमच्या ऑपरेटरच्या सवयीनुसार बदला, पण लिहून ठेवा.

परवानग्या

एमसीपीत टूलला चार खुणा देता येतात: फक्त वाचणारं, विघातक, पुन्हा चालवलं तरी परिणाम तोच, आणि बाहेरच्या जगाशी संबंध. खुणा दिल्या नाहीत तर टूल लिहिणारं आणि विघातक धरलं जातं, आणि साधी चॅनेल-यादी वाचतानाही काही क्लायंट (एजंट चालवणारे प्रोग्राम) होकार मागत बसतात. वाचणाऱ्या टूलना ‘फक्त वाचणारं’ ही खूण द्या, ‘फेडर_ठेवा’ला ‘पुन्हा चालवलं तरी परिणाम तोच’ ही. सरकवणाऱ्या टूलला ती देऊ नका. या खुणा नुसत्या सूचना आहेत, खरी अडवणूक कोडमध्येच हवी. फँटम पॉवर (डेस्ककडून माईकला मिळणारे ४८ व्होल्ट), सीन (साठवलेली मांडणी) बदलणं, राउटिंग आणि मुख्य फेडर वर नेणं ही कामं एजंटच्या हातात देऊ नयेत, असं आमचं ठाम मत आहे. उघड्या चॅनेलवर ४८ व्होल्ट लागले-निघाले, की स्पीकरमध्ये धप्प आवाज बसतो आणि हॉर्नचा ड्रायव्हर जाऊ शकतो.

वर्णन बदललं, तरी वागणं तेच

हे हमखास होतं. सुधारणा सोबतच्या माहिती-फाइलमध्ये झालेली असते आणि टूलच्या आतलं वर्णन जुनंच राहतं. एजंट फाइल वाचत नाही, टूलच्या यादीतलं वर्णन वाचतो. दुसरं कारण: बरेच क्लायंट टूलची यादी जोडणी होताना एकदाच घेतात. सर्व्हर पुन्हा चालू करा, क्लायंट तोडून पुन्हा जोडा, नवी बातचीत उघडा. जुन्या बातचितीत एजंटनं आधीच ‘१ म्हणजे म्यूट’ असं कुठंतरी म्हटलेलं असतं आणि तो तेच धरून चालतो. वर्णनाच्या शेवटी आवृत्ती लिहा, मग ‘तुझ्याकडे म्यूट टूलची कितवी आवृत्ती आहे?’ असं विचारून खात्री करता येते.

वीज जाऊन आली, तरी असंच होतं. एजंटच्या आठवणीतले फेडर जुने असतात. डेस्क पुन्हा जोडलं गेलं, की पहिल्या उत्तरात ‘डेस्क पुन्हा सुरू झालं, आधीच्या किमती धरू नका, चॅनेल_यादी वाचा’ असा मजकूर टूलनं स्वतःहून द्यावा. आणि ‘एक्सरिमोट’नं डेस्कवरचे बदल ऐकत असाल, तर तो हुकूम १० सेकंदांच्या आत पुन्हा पाठवावा लागतो. नाहीतर डेस्क बदल कळवणं थांबवतं आणि टूल शिळ्या किमती ताज्या म्हणून देत राहतं. दर ८ सेकंदांनी पाठवा.

तपासणी

ॲम्प्लिफायर बंद ठेवा, डेस्क चालू. एक्स३२चा एम्युलेटर (डेस्कची नक्कल करणारा प्रोग्राम) मिळतो, तोही चालेल, पण शेवटची फेरी खऱ्या डेस्कवर करा. एक माणूस बोलेल, दुसरा डेस्कचे दिवे बघून लिहील, एजंटचं उत्तर न ऐकता.

हुकूम या क्रमानं द्या. ‘पाच म्यूट कर’, लगेच पुन्हा ‘पाच म्यूट कर’: दुसऱ्या वेळी काहीही बदलता कामा नये. ‘पहिला चॅनेल चालू कर’ आणि ‘बत्तिसावा चालू कर’: दोन्ही टोकांना शेजारचा दिवा हलतो का ते बघा. ‘तेहेतिसावा चालू कर’: नकार आणि पुढची पायरी. ‘पेटी निम्म्यावर आण’: किती डीबी गेली ते फेडरच्या छापील खुणांवर वाचा. ‘पखवाज वाढव’: एजंटनं दोन्ही पुड्या घेतल्या की एकच, की विचारलं? ‘बुवांचा माईक बंद आहे’: एकही दिवा बदलता कामा नये. मग चॅनेल ३ चालू ठेवून डीसीए १ तळाला न्या आणि विचारा, ‘बुवांचा आवाज का येत नाही?’ शेवटी ‘बुवांचा आवाज वाढव’ म्हणून एजंट वाचत असतानाच नेटवर्कची वायर उपटा. पाच सेकंदांनी परत लावा आणि फेडर बघा: तो जुन्या जागी किंवा नेमक्या मागितलेल्या जागी असायला हवा. त्याहून वर कुठंही सापडला, तर ‘वाढव’च्या भागातलं दुरुस्तीचं काम अजून बाकी आहे, आणि ते होईपर्यंत ॲम्प्लिफायर चालू करू नका.